बी.एस्सी.च्या आधीच ‘पुढे काय?’

बारावीचा निकाल लागतो, नीट-सीईटीचे आकडे येतात आणि प्रवेशाच्या याद्या अजून लागायच्या असतात. त्या मधल्या दिवसांत चिपळूणला आमच्या घरी माणसांची वर्दळ वाढते. मी लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल (क्यूसी) विभागात आहे. स्वतः केमिस्ट्रीची एम.एस्सी. केली आहे आणि नव्या केमिस्टच्या मुलाखती घेणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. त्यामुळे शेजारपाजारचे, नात्यातले लोक ‘ताई, आमच्या पोरीला जरा चार शब्द सांगा’ म्हणत येतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘नीटमध्ये मार्क कमी पडले हो, आता बी.एस्सी.शिवाय काय उरलंय?’

उरलं म्हणून घेतलेली बी.एस्सी. मग केलीही तशीच जाते. जर्नल मैत्रिणीचं बघून उतरवायचं, प्रॅक्टिकलला हजेरीपुरतं उभं राहायचं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नोट्सच्या झेरॉक्स काढायच्या. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की घरात चर्चा सुरू होते, पुढे काय? माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी विचारा. बी.एस्सी. ही स्वतःच्या एकटीच्या बळावर फार लांब नेणारी पदवी नव्हे. तिला जोड लागते : एम.एस्सी.ची, एखाद्या पदविकेची, स्पर्धा परीक्षेची किंवा हातातल्या कौशल्याची. ती जोड कोणती हे आधी ठरवलं, तर विषय कोणता घ्यायचा, कॉलेज कोणतं, गणित ठेवायचं की सोडायचं, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

एका नावाखाली तीन वाटा

बी.एस्सी. म्हणून जे ओळखलं जातं, त्यात मुळात तीन वेगळ्या वाटा आहेत. बी.एस्सी. नर्सिंग आणि बी.एस्सी. कृषी या व्यवसायाच्या पदव्या. त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते आणि बाहेर पडल्यावर काम काय करायचं, हेही बरंचसं ठरलेलं असतं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या कक्षेतली कॉलेजं कृषीच्या पदवीसाठी.

दुसरी वाट संशोधनाची. पुण्याची आयसर ही संस्था २००६ साली सुरू झाली. आज देशात अशा सात आयसर आहेत. तिथे बी.एस.-एम.एस. असा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम असतो. त्याची प्रवेश परीक्षा, आयएटी, अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते आणि जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक या चारही विषयांवर प्रश्न येतात. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईत कलिन्याला विद्यापीठाच्या आवारात असलेलं सीईबीएस यांच्यासाठी नेस्ट नावाची वेगळी परीक्षा आहे. कोकणातली कितीतरी हुशार मुलं या परीक्षांचं नावही न ऐकता बारावी पास होतात. ज्याला खरोखर शास्त्रज्ञ व्हायचंय, त्याने अकरावीतच या दोन परीक्षांची माहिती काढावी.

तिसरी वाट आपल्या गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या कॉलेजची. महाराष्ट्रातली बहुसंख्य मुलं याच वाटेने जातात, म्हणून पुढचं सगळं तिच्याविषयी.

मेजर, मायनर आणि चौथं वर्ष

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीची घडण बदलली. स्वायत्त कॉलेजांत ती एक वर्ष आधीच आली होती. आता एक मेजर विषय, त्याच्या जोडीला एक मायनर, शिवाय दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, कौशल्याचे छोटे कोर्स आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव असं सगळं श्रेयांकांमध्ये मोजलं जातं. एका वर्षाने बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स.

पालक विचारतात, चौथं वर्ष करावं का? पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. ही चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली, तर एम.एस्सी. न करताही नेट या पात्रता परीक्षेला बसता येतं, आणि एम.एस्सी. करायचीच असेल तर ती एका वर्षात होऊ शकते. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, त्यांच्यासाठीही हे सोयीचं आहे. पण कारखान्यात नोकरी करायची असेल, बी.एड. करायचं असेल किंवा एमपीएससीची तयारी करायची असेल, तर तीन वर्षांची पदवी पुरते. ‘सगळे करतायत’ म्हणून चौथं वर्ष घेऊ नका.

मायनरच्या बाबतीत माझा आग्रह एकच : जमत असेल तर गणित किंवा संख्याशास्त्र. बारावीत जीवशास्त्र घेतलेल्या मुली गणित सोडून देतात आणि मागून दारं बंद झाल्याचं लक्षात येतं. बी.एस्सी. झालेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, पण बारावीला गणित असावं लागतं. एम.सी.ए.लाही साधारणपणे बारावीचं किंवा पदवीचं गणित विचारतात. म्हणून अकरावीला पीसीएमबी, म्हणजे चारही विषय, झेपत असतील तर गणित सोडायची घाई करू नये.

चकचकीत नावं

बायोटेक्नॉलॉजी, फॉरेन्सिक सायन्स, डेटा सायन्स ही नावं ऐकायला छान वाटतात. हे अभ्यासक्रम वाईट नाहीत. फॉरेन्सिकसाठी तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी संस्था आहेत. पण दोन गोष्टी तपासा. पहिली, फी. एकाच कॉलेजात केमिस्ट्री किंवा बॉटनीचा वर्ग अनुदानित असतो आणि बायोटेक विनाअनुदानित, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन वर्गांच्या फीमध्ये मोठा फरक पडतो. दुसरी, नोकरीच्या आणि एम.एस्सी.च्या जाहिरातीत पात्रता म्हणून कोणती पदवी लिहिली आहे. साध्या नावाच्या पदवीला जास्त जागा उघड्या असतात, असं पुष्कळदा दिसतं. खास नावाची पदवी पुढे एम.एस्सी.ला घ्यावी, बी.एस्सी. मात्र पायाच्या विषयात करावी, हे माझं मत.

पात्रतेची ओळ किती महत्त्वाची असते, याचं एक उदाहरण सांगते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. भारतीय वनसेवेला मात्र चालत नाही. तिथे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र अशा ठराविक विषयांपैकी एक पदवीला लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी. जंगलात काम करायची आवड असलेल्या मुलाने कला शाखेतून पदवी घेतली, तर बहुतेक वेळा ते दार तिथेच बंद होतं.

कोणत्या विषयातून कुठे?

भौतिकशास्त्र घेणाऱ्यांना वाटतं, पुढे एक तर प्राध्यापक व्हायचं नाहीतर बँकेची परीक्षा द्यायची. त्यांच्यासाठी फारशी कोणाला ठाऊक नसलेली एक वाट सांगते. कॅन्सरच्या हॉस्पिटलात रेडिएशन देतात, तेव्हा रुग्णाच्या शरीरात किती मात्रा कुठे जाईल याचं गणित आणि यंत्राची तपासणी मेडिकल फिजिसिस्ट करतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार रेडिओथेरपी केंद्रात असा माणूस असावाच लागतो. बी.एस्सी. फिजिक्स, मग एम.एस्सी. फिजिक्स आणि त्यानंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका. भाभा अणुसंशोधन केंद्र ती अणुशक्तीनगरमध्ये चालवतं. वाट लांब आहे, पण तिच्या शेवटी एक ठोस काम आहे.

गणित आणि संख्याशास्त्राच्या मुलांना एम.सी.ए. माहीत असतं. विमा कंपन्यांत जोखीम मोजणारे ॲक्च्युअरी, औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणारे बायोस्टॅटिस्टिशियन, यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा ही कामं मात्र फारशी कोणी सांगत नाही. भूशास्त्र शिकवणारी कॉलेजं राज्यात कमी आहेत, म्हणून इकडे कोणी फिरकत नाही. पण आपलं बरंचसं राज्य बेसाल्टच्या कातळावर बसलंय आणि त्या कातळात पाणी कुठे मुरतं, कुठे साठतं, हा गावोगावचा प्रश्न आहे. भूशास्त्रात एम.एस्सी. केली, की यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेतही भूवैज्ञानिक लागतात.

मायक्रोबायोलॉजीवाल्यांना इंजेक्शनच्या कारखान्यांत हवेतले आणि पाण्यातले जंतू मोजायचं, निर्जंतुकता तपासायचं काम मिळतं. दूध डेअऱ्या, आसवन्या, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा याही आहेत. घाटावरच्या मुलांना साखर कारखाना घराजवळ असतो. गळीत हंगामात रसाचा ब्रिक्स आणि पोल तपासणारा, साखरेचा उतारा काढणारा केमिस्ट बहुधा बी.एस्सी. झालेला असतो. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे पुढचे अभ्यासक्रम आहेत.

क्यूसी लॅबमधला एक दिवस

आता माझ्या विषयाचं, केमिस्ट्रीचं. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ आणि तिकडे गोव्यात वेर्णा इथल्या औषध आणि रसायन कारखान्यांत बी.एस्सी. केमिस्ट्रीची मुलं मोठ्या संख्येने आहेत. काम असतं कसं?

सकाळच्या पाळीला प्लँटमधून नमुना येतो. त्याला नंबर पडतो. एचपीएलसी या पृथक्करणाच्या यंत्रावर तपासायचा असेल तर आधी मोबाइल फेज बनवायचा, तो ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा, त्यातली हवा काढायची आणि कॉलम स्थिर व्हायची वाट बघायची. मग स्टँडर्डची इंजेक्शनं लागोपाठ देऊन आकडे एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. ते जुळले तरच नमुन्याला हात लावायचा. दरम्यान प्लँटचा माणूस दोनदा फोन करतो, ‘मॅडम, बॅच अडकलीय.’ अडकली तर अडकली, घाई करायची नाही. प्रत्येक वजन, प्रत्येक वेळ त्याच क्षणी वहीत नोंदवायची. चुकलं तर एकच आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर लावला तर त्या कागदाला किंमत राहत नाही. आमच्याकडे म्हणतात, लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही.

हे काम सगळ्यांना रुचत नाही. रात्रपाळ्या असतात, सुरुवातीचा पगार बेताचाच असतो आणि काम तेच तेच वाटू शकतं. ज्याला नीटनेटकेपणाची आवड आहे, जो एका आकड्यासाठी तासभर थांबू शकतो, तो मात्र इथे चढत जातो. ॲनालिस्टचा सीनियर होतो, मग क्यूएत, म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्समध्ये, जातो, नवीन पद्धती विकसित करणाऱ्या विभागात जातो. पण चढायचं असेल तर एम.एस्सी., त्यातही ॲनॅलिटिकल किंवा ऑरगॅनिक, फार उपयोगी पडते.

चार ग्रॅमचा प्रश्न

मुलाखतीला आलेल्या मुलांना मी एक सोपा प्रश्न विचारते. एक लिटर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड कसं बनवशील? उत्तर पाठ असतं : ४ ग्रॅम घ्यायचं, पाण्यात विरघळवायचं, लिटरला भरायचं. बरोबर. मग मी विचारते, ते खरंच ०.१ नॉर्मल झालंय हे कशावरून?

इथे दोन प्रकारची मुलं वेगळी होतात. काही जण माझ्याकडे बघत बसतात. हिशेब केलाय ना मॅडम, मग झालंच की! काही जण मात्र सांगतात, की त्या पांढऱ्या गोळ्या वॉचग्लासवर काढल्या की लगेच ओलसर होतात, हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढतात. म्हणून ४ ग्रॅम वजन केलं तरी त्यात सोडियम हायड्रॉक्साइड पूर्ण ४ ग्रॅम नसतं. वाळवलेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट तोलून घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिन टाकून टायट्रेशन करायचं आणि खरी नॉर्मॅलिटी काढायची. त्यातली एक मुलगी म्हणाली, ‘फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. नंतर तो आपोआप जातो, पण पुन्हा थेंब टाकायचा नाही.’ तिने ब्युरेट हाताळला होता, हे त्या एका वाक्यात कळलं. गुणपत्रिका मी त्यानंतर उघडली.

हा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाचा आहे. मुलं पडतात ती अवघड गोष्टींवर नाही, तर स्वतःच्या हातांनी न केलेल्या सोप्या गोष्टींवर.

कॉलेज कसं बघायचं?

त्यामुळे कॉलेजची इमारत आणि बसस्टॉप बघून प्रवेश घेऊ नका. प्रयोगशाळेत जाऊन या, पाहायला कोणी नाही म्हणत नाही. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र ब्युरेट येतो की चौघांत एक? वजनकाटा चालू आहे का? एखादं यंत्र प्लॅस्टिकच्या झाकणाखाली फक्त पाहुण्यांना दाखवायला ठेवलंय का? विभागात किती शिक्षक कायम आहेत आणि किती तासिका तत्त्वावर? तासिकेवरचे शिक्षक हुशार असतात, पण दरवर्षी बदलत राहिले तर मुलांना सांभाळणारं कोणी राहत नाही. तिसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठून विचारा, प्रॅक्टिकल होतात का? मुलं खरं सांगतात.

तीन वर्षांचं वेळापत्रक

पहिलं वर्ष पायाचं. इंग्रजीतली पाठ्यपुस्तकं वाचायची सवय आणि प्रॅक्टिकल, या दोन गोष्टी पक्क्या करा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची पहिली सहामाही भाषेशी झगडण्यात जाते. घाबरू नका, शब्दांची स्वतःची वही करा.

दुसऱ्या वर्षी बाहेरचं जग बघा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना संशोधन संस्थांमध्ये काम करायची संधी देतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम पदवीच्या मुलांसाठीच आहे. ते जमलं नाही तर जवळच्या कारखान्यात, पाणी तपासणीच्या लॅबमध्ये किंवा माती परीक्षण केंद्रात महिनाभर काम करा. नव्या अभ्यासक्रमात अशा कामाला श्रेयांकही आहेत. ते कोऱ्या प्रमाणपत्रावर सही घेऊन वाया घालवू नका.

एम.एस्सी. चांगल्या ठिकाणी करायची असेल, तर जॅम परीक्षेचा अभ्यास दुसऱ्या वर्षातच सुरू व्हायला हवा. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी ही परीक्षा फेब्रुवारीत होते आणि अर्ज त्याआधीच्या पावसाळ्याच्या शेवटी निघतात. भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, बायोटेक्नॉलॉजी आणि अर्थशास्त्र असे सात पेपर असतात, प्रश्न पदवीच्या अभ्यासक्रमावरचे. लहान गावातल्या कॉलेजातून थेट आयआयटीत पोचायची ही सरळ शिडी आहे. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तिचं नाव ऐकणाऱ्याला मात्र ती सापडून न सापडल्यासारखीच.

पुढे संशोधनाला जायचं असेल, तर सीएसआयआर-नेट. त्यातून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. म्हणजे पीएच.डी. बापाच्या पैशांवर करावी लागत नाही. कॉलेजात शिकवायचं असेल, तर नेट किंवा पुणे विद्यापीठ घेतं ती सेट. शाळेत शिकवायचं असेल, तर बी.एड.

घरच्यांसाठी दोन शब्द

पोरगी नीटला पुन्हा एक वर्ष बसणार असेल, तर बसू द्या; पण बी.एस्सी.ला नाव घालून, कॉलेजला न जाता घरी नीटचा अभ्यास, ही तडजोड करू नका. त्यात दोन्हीकडचं नुकसान होतं. एकदा बी.एस्सी. घेतली, की ती घेतली म्हणून घ्या. घरात रोज ‘डॉक्टर होता होता राहिली’ असं ऐकणारी मुलगी प्रयोगशाळेत मन लावून उभी राहील कशी?

आणि मुलामुलींनो, या आठवड्यात एक काम करा. पंचविसाव्या वर्षी आपण कोणतं काम करत असावं, असं वाटतं त्या तीन कामांची नावं लिहा. त्या प्रत्येक कामाची एखादी खरी जाहिरात शोधा आणि तिच्यातली पात्रतेची ओळ नीट वाचा. तीनपैकी निदान एक काम करणाऱ्या माणसाला जाऊन भेटा आणि त्याचा दिवस कसा जातो ते विचारा. त्यानंतरच मेजर विषयाच्या चौकटीत खूण करा.